स्लॅबवरचा पुरस्कार सोहळा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता आपली भाग्यश्री टीव्हीवर दिसणार, असं चंपतरावांनी तेलंगणातल्या तलमडुगु गावच्या घराघरात स्वतः जाऊन सांगितलं. शेवटच्या घरचा चहा पिऊन ते परतले, तेव्हा त्यांना कळलं की ती टीव्हीवर दिसणार नाही.

सांगणारी खुद्द भाग्यश्रीच होती. मुंबईहून, फोनवर.

"बाबा, तो सोहळा यंदापासून चॅनलवर नाही. ॲपवर हाये. लाइव्ह."

"म्हंजे आपल्या डिशवर?"

"डिशवर नाही. इंटरनेटवर."

"पन दरसाल तं टीव्हीवर येते!"

"येत होता. आता नाही. अन बरंच झालं, बाबा. टीव्हीवर आमच्यासारख्या पडद्यामागच्या लोकायचे पुरस्कार कापून टाकत. जाहिरातीच्या आधी सगळ्यायचे फोटो एकदम दाखवले की झालं. ॲपवर सगळं पुरं दाखवनार हायेत. अन आमचं पयलेच हाये, पाचाच्या पुढं लगेच."

चंपतरावांनी फोन ठेवला आणि बायकोकडे, मनकर्णाबाईंकडे पाहिलं. मनकर्णाबाई चुलीपुढे भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "मग जाऊन सांगून या सगळ्यायले, की नाही दिसत म्हनून."

हे बोलणं सोपं होतं. पण चंपतराव एकतीस वर्षं महसूल खात्यात होते आणि गिरदावर म्हणून निवृत्त झाले होते. गिरदावर म्हणजे पटवाऱ्याच्या वरचा माणूस. पटवारी शब्द फिरवतो. तो फिरवतो म्हणूनच तर त्याच्यावर गिरदावर नेमलेला असतो. गिरदावराने एकदा मौक्यावर जाऊन चार पंचांसमक्ष काही सांगितलं, की मग पृथ्वीने आपल्या हद्दी त्याप्रमाणे जुळवून घ्यायच्या. इथे तर चार नाही, चाळीस पंच झाले होते.

शिवाय मामला पोरीचा होता. भाग्यश्री मुंबईत काय करते, हे चंपतराव पाच वर्षं लोकांना "कंपनीत आहे" एवढंच सांगत आले होते, कारण त्यापलीकडचं त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. ती सिनेमात आवाज मुद्रित करते. म्हणजे गाते का, तर नाही. भोंगे लावते का, तर तेही नाही. एकदा तिने शूटिंगचा फोटो पाठवला होता. त्यात ती हातात लांब काठी घेऊन उभी होती आणि काठीच्या टोकाला मांजरासारखं काहीतरी केसाळ होतं, त्याला ती माइक म्हणत होती. एम.एस्सी. झालेली पोरगी कोणाच्या तरी घरातली जाळी काढते आहे, असंच कोणालाही वाटलं असतं. तो फोटो त्यांनी कोणाला दाखवला नव्हता. ग्रुपची स्पर्धा परीक्षा दे, सरकारी नोकरीला लाग, असं ते तिला तीन वर्षं म्हणत राहिले, ती ऐकत राहिली, आणि एक दिवस मुंबईला निघून गेली. ऐकणं हाच तिचा धंदा होणार होता, हे त्यांना तेव्हा कुठून कळणार?

आता तिचं नाव "सर्वोत्कृष्ट ध्वनिमुद्रण" या पुरस्काराच्या पाच नावांत आलं होतं. पाच वर्षांत पहिल्यांदा चंपतरावांना सांगण्यासारखं काहीतरी नेमकं सापडलं होतं, आणि ते त्यांनी गावाला सांगून टाकलं होतं.

"नाही दिसत कसं?" ते मनकर्णाबाईंना म्हणाले. "दाखवतो."

चंपतरावांचा टीव्ही पाठीमागून पोट सुटलेला होता आणि इंटरनेट ही चीज त्याच्या जन्मानंतरची होती. म्हणून ते शेजारच्या माणिकरावांकडे गेले. माणिकराव कापूस-ज्वारीवाले शेतकरी. त्यांनी गेल्या दसऱ्याला भिंतभर टीव्ही आणला होता. आणला त्यांनी असला तरी तो त्यांच्या बायकोचा, रेणुकाबाईंचा होता, हे घरात सर्वांना मान्य होतं. रिमोट त्यांच्या कमरेला, किल्ल्यांच्या शेजारी असे.

"घ्या नं, गिरदावरसाब," रेणुकाबाई म्हणाल्या. "भाग्यश्रीसाठी काय टीव्ही नाही म्हनू? पन रिमोट मी चालवीन."

एवढं होईपर्यंत बातमी फुटली होती आणि सल्ले येऊ लागले होते. एकाने सांगितलं, आदिलाबादला जाऊन मोठी ताटली बसवा. दुसरा म्हणाला, फोन काचेच्या ग्लासात उभा ठेवला की चित्र मोठं दिसतं. माणिकरावांचं म्हणणं पडलं की सरळ मुंबईला फोन करून त्यांना कार्यक्रम टीव्हीवर ठेवायला सांगावं, चाळीस माणसं म्हणजे काही थोडी नव्हेत. शेवटी मराठी शाळेतले देवानंद सर आले आणि म्हणाले, "काही नाही, दोन मिनिटायचं काम हाये." चंपतरावांच्या नोकरीच्या काळात ज्या ज्या कामाला कोणी दोन मिनिटांचं म्हटलं होतं, त्यांच्या फायली अजून चालू होत्या. पण देवानंद सरांच्या चेहऱ्यावर इतका उजेड होता की त्यांनी मान हलवली.

शनिवारी दुपारी काम सुरू झालं. अडचण एवढीच निघाली, की नेट माणिकरावांच्या घरात येत नव्हतं, घराच्या स्लॅबवर येत होतं. देवानंद सरांनी आपला फोन स्लॅबच्या कठड्यावर ठेवला. त्याचं नेट जिन्यातून ठेचकाळत खाली टीव्हीपर्यंत पोचलं. ॲप उघडलं ते तेलुगूत, कारण माणसं तेलंगणात राहतात एवढं त्याला ठाऊक होतं आणि तेवढंच पुरेसं आहे असं त्याला वाटत होतं. रेणुकाबाईंची शाळा तेलुगूतली, त्या वाचून दाखवू लागल्या. ॲपने मोबाइल नंबर मागितला. चंपतरावांनी आपला दिला.

"आता ओटीपी येईल," देवानंद सर म्हणाले. "तुमी वर जा फोन घेऊन. आला की वरूनच सांगा, मी अठी टाकतो."

चंपतराव वर गेले. ओटीपी आला. खालून देवानंद सर ओरडले, "सांगा, साब!"

वर चंपतरावांनी फोन मुठीत झाकून धरला.

"साब, आला का?"

"आला."

"मंग सांगा नं!"

"देवानंद सर," चंपतराव कठड्यावरून वाकून म्हणाले, "ओटीपी कोनालेच सांगाचा नसते. बँकवाले दर आठ दिवसायले सांगून राह्यले. अन तुमी म्हंता, गावभर वरडून सांगा!"

"अवो, मी टाकून राह्यलो नं!"

"मीच येतो खाली."

ते मुठीत फोन घेऊन, एकेक पायरी उतरत खाली आले. अठ्ठावीस पायऱ्या होत्या आणि गुडघे दोन. रेणुकाबाईंकडून त्यांनी रिमोट मागून घेतला, सर्वांना तोंडं फिरवायला लावली, आणि एकेक आकडा शोधून दाबला. पडद्यावर लाल अक्षरं आली. "मळ्ळी प्रयत्निंचंडी," रेणुकाबाईंनी तोंड फिरवलेलं असतानाच तिरक्या डोळ्याने वाचलं. पुन्हा प्रयत्न करा. मुदत संपली होती.

चंपतराव पुन्हा वर गेले, पुन्हा खाली आले. तिसऱ्या खेपेला तर मधल्या पायरीवर बसून त्यांना दम खावा लागला. तिसऱ्या खेपेनंतर लाल अक्षरं जास्त आली. फार प्रयत्न झाले होते, आता चोवीस तासांनी यावं. घड्याळात संध्याकाळचे सहा वाजले होते. सोहळा दुसऱ्या दिवशी पाचला होता.

देवानंद सरांनी आपला नंबर टाकून पाहिला. ॲप म्हणालं, तुम्ही जुने ग्राहक आहात, पासवर्ड सांगा. देवानंद सरांना आपण कधी ग्राहक होतो हेच आठवेना, तर पासवर्ड कुठला? माणिकरावांनी मात्र स्पष्ट नकार दिला. "माह्या नंबरले कापूस खरेदीचा मेसेज येनार हाये. त्याले कोनी हात लावू नोका." ते ऐकून बाकीच्यांचेही फोन खिशात गेले.

चंपतरावांनी ॲपच्या मदत केंद्राला फोन लावला. पाऊण तास सनई वाजली आणि मग एक मुलगी बोलली.

"सर, आपका नंबर चौबीस घंटे के लिए ब्लॉक है."

"किसके हुकूम से?"

"सिस्टम से, सर."

"सिस्टमसाब का पूरा नाम और हुद्दा बताइए."

मुलगी म्हणाली, आणखी काही मदत करू का? चंपतरावांनी घरी येऊन रीतसर दरखास्त लिहिली. अर्जदार, मौजे, मंडल, घटनेची हकिकत, साक्षीदार दोन. लिहून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की ती पाठवायला पत्ताच नाही. एकतीस वर्षांत त्यांनी असं दफ्तर पाहिलं नव्हतं, ज्याला दारच नाही. ते पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

मनकर्णाबाईंनी पाण्याचा गिलास आणून ठेवला. "दादाजी भावजीकडं हाये म्हंते ते ॲप. क्रिकेटसाठी घेतलं वर्षाचं. पंचफुला सांगत होती मागं."

दादाजी हे चंपतरावांचे धाकटे भाऊ, बेल्लमपल्लीच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले, आणि पंचफुला त्यांची बायको. चंपतरावांनी पाणी संपवलं, पण फोन उचलला नाही. त्याला कारण होतं. गेल्याच महिन्यात त्यांनी दादाजींना फोनवर अर्धा तास झापलं होतं की ओटीपी कोणाला, अगदी सख्ख्या भावालासुद्धा, सांगशील तर याद राख.

रविवारी सकाळी माणिकरावांच्या घरात, टीव्हीजवळच्या खिडकीत रेंजचा एक तुकडा सापडला आणि तिथून स्पीकर चालू ठेवून फोन लागला. दादाजींचा नंबर टाकला गेला. ओटीपी बेल्लमपल्लीला पोचला.

"आला, दादा," दादाजी म्हणाले. "पन मी सांगत नसतो. सख्ख्या भावालेबी नाही."

"दादाजी, मीच म्हनून राह्यलो नं आता, सांग!"

"तुमीच हाये कशावरून? आजकाल आवाज बनवून लोक फसवून राह्यले. एक इचारतो, त्याचं बरोबर उत्तर द्या. लहानपनी मले हिरीत कोनं ढकललं होतं?"

माणिकराव, रेणुकाबाई, देवानंद सर, मनकर्णाबाई, आणि चौकशीला आलेले आणखी सहा जण फोनकडे पाहू लागले.

"तुहा पाय घसरला होता," चंपतराव म्हणाले.

"मंग तुमी माहे दादा नाही. ठेवतो."

"थांब!" चंपतरावांनी एकदा छताकडे पाहिलं. साठ वर्षं हा जबाब बदललेला नव्हता. बापाने पाठ सोलली तेव्हाही बदललेला नव्हता. "म्या ढकललं."

"जोरानं, दादा. इकडं पंचफुलाले आयकू येत नाही."

"म्या ढकललं! पन पोहता येत होतं तुले!"

"चार सात दोन नऊ," दादाजी समाधानाने म्हणाले, आणि टीव्ही उघडला.

रेणुकाबाई दिवसभर ही गोष्ट येईल त्याला सांगत होत्या, त्यामुळे पाचच्या आधीच गर्दी जमली.

खाली नेट फार तुटत होतं म्हणून टीव्ही स्लॅबवर नेला. चौघांनी धरला, रेणुकाबाई पुढे चालत पायऱ्या मोजत होत्या. वर ठेवल्यावर कळलं की समोर ऊन आहे आणि पडद्यात फक्त बसलेलं गावच दिसतं आहे. मग काठ्या उभ्या करून कापूस बांधायच्या चादरी ताणल्या. त्या मांडवाखाली चाळीस माणसं दाटीवाटीने बसली. चंपतराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात सगळ्यांत पुढे, लोखंडी खुर्चीवर. मनकर्णाबाई बायकांत, पदर तोंडाला लावून.

पाच वाजता सोहळा सुरू झाला. दिवे, नाच, विनोद सांगणारा एक उंच माणूस. आणि पडदा काळा झाला. रेणुकाबाईंनी वाचलं, "हे खातं दुसरीकडं चालू हाये म्हंते. एका टायमाले एकच पडदा."

दुसरीकडे म्हणजे बेल्लमपल्लीला. पुतणीचं कौतुक बघायला दादाजींनी आपलं ॲप उघडलं होतं. रेणुकाबाईंनी बटण दाबलं. तलमडुगु चालू झालं, बेल्लमपल्ली बंद पडलं. दादाजींना वाटलं नेट गेलं, त्यांनी पुन्हा लावलं, तलमडुगु बंद. असं चार वेळा झालं. उंच माणसाचा एक विनोद दोन्ही गावांना निम्मा-निम्मा पोचला. शेवटी चंपतरावांनी फोन लावला.

"दादाजी, बंद कर तुहं!"

"काऊन? पैसे म्या भरले, अन म्याच बंद करू? माही पुतनी हाये ती!"

हे खरं होतं. चंपतरावांनी क्षणभर विचार केला आणि खुर्ची टीव्हीजवळ ओढली. "असं कर. फोन ठेवू नोको. मी टीव्हीच्या भोंग्याजवळ धरून बसतो. तू आयक."

"नुसतंच आयकू?"

"आयक बापा. माहा हात दुखला तरी धरतो."

अशा रीतीने गिरदावरसाब हात लांब करून फोन टीव्हीला लावून बसले आणि सोहळा पुढे सरकला. "आता ध्वनिमुद्रण," उंच माणूस म्हणाला. पाच नावं येऊ लागली. पहिलं नाव, एक मिशीवाला माणूस, प्रेक्षकांत बसून नाक चोळत असलेला. आणि तिथेच चित्र थिजलं. मिशीवाल्याचं बोट नाकावर, त्याच्यावर गोल गोल चकरी.

एकच गलका झाला. "फोन बंद करा सगळ्यायनं!" देवानंद सर ओरडले. "चाळीस फोन एका टावरले लटकले हायेत!" कठड्यावरचा आणि चंपतरावांच्या हातातला सोडून सगळे फोन बंद झाले, तरी मिशीवाला हलेना. रेणुकाबाईंनी त्याला रिमोटने टोचून पाहिलं. चंपतरावांचा चेहरा उतरला. तीन दिवसांची धावपळ, विहिरीची कबुली, आणि समोर काय, तर परक्या माणसाचं नाक.

"काय झालं?" फोनमधून दादाजी म्हणाले. "अच्छं तं आयकू येऊन राह्यलं. गप बसा नं जरा!"

सगळे गप्प बसले, तेव्हा लक्षात आलं की आवाज चालू आहे. चित्र थांबलं होतं, आवाज थांबला नव्हता.

"भाग्यश्री चंपत वाठोरे," टीव्हीतली एक बाई म्हणाली, आणि भाग्यश्रीच्या सिनेमाचा तुकडा वाजू लागला.

आधी नुसता वारा. मग कोरडं काहीतरी कुरकुरलं. पुन्हा कुरकुरलं, जवळ. दोन बांगड्या एकमेकींवर वाजल्या. काहीतरी मऊ ओढल्याचा आवाज आला, इतका बारीक की मागचे लोक पुढे झुकले. लांबवर एक बस चढ चढत गेली. कोणीतरी खोकलं, वाळली काटकी पायाखाली मोडली.

"अवो माय," रेणुकाबाई हळूच म्हणाल्या, "हे तं कापूस येचून राह्यले."

"दोघी हायेत," मनकर्णाबाई म्हणाल्या. "एक म्हातारी हाये. तिचा हात सावकाश चालून राह्यला."

माणिकरावांनी डोळे मिटले होते. "दुसरी येचनी हाये ही," ते म्हणाले. "पयल्या येचनीत बोंड असं वाजत नाही, वलं असते. अन पऱ्हाटीले पाला राह्यला नाही, त्याच्यानं वारा असा शिट्टी मारून राह्यला."

कोणी हसलं नाही. चाळीस माणसं नाक चोळणाऱ्या मिशीवाल्यासमोर माना वाकवून बसली होती आणि ऐकत होती. चंपतरावांनी फोन भोंग्याच्या आणखी जवळ धरला. एकतीस वर्षं ते अशा शेतांतून फिरले होते. पिकं मांडली होती, बांध मोजले होते, कोणाचा कापूस किती एकर ते नोंदवलं होतं. तो असा वाजतो, हे त्यांनी कुठल्याच कागदावर लिहिलं नव्हतं. पोरगी इतकी वर्षं काय करत होती ते त्यांना त्या अर्ध्या मिनिटात कळलं, आणि कळलेलं लोकांना सांगता येण्यासारखं नव्हतं, हेही कळलं.

तुकडा संपला. आणखी तीन नावं झाली. पाकीट फाडल्याचा आवाज आला. मग उंच माणसाने नाव पुकारलं. ते भाग्यश्रीचं नव्हतं.

टाळ्या तिकडे वाजल्या, इकडे स्लॅबवर शांत होतं. तेवढ्यात चित्र सुटलं आणि मिशीवाला उठून, नाक सोडून, मंचाकडे चालू लागला. बक्षीस त्यालाच होतं.

"ह्याले?" रेणुकाबाई म्हणाल्या आणि त्यांनी टीव्हीच बंद केला.

माणिकरावांनी चहा सांगितला. लोक उठले नाहीत. कोणी चंपतरावांकडे पाहत नव्हतं, म्हणजे सगळेच पाहत होते. दादाजी फोनमधून "कोन जितलं? दादा, कोन जितलं?" म्हणत होते, आणि तेवढ्यात मध्येच दुसरा फोन आला. भाग्यश्रीचा. चंपतरावांनी भावाचा फोन कापला. स्पीकर चालूच राहिला होता.

"बाबा," ती म्हणाली. आवाज हसरा ठेवायचा प्रयत्न होता, पण ऐकायला शिकलेल्यांना फसवणं अवघड असतं. "नाही भेटलं. तुमी उगीच सगळ्या गावाले सांगितलं. आता काय म्हनतीन लोक?"

चंपतरावांनी फोन कानाला लावला. काही धीराचं बोलावं असं त्यांच्या मनात होतं. तोंडातून भलतंच आलं.

"भाग्यश्री, दुसरी येचनी होती का ती?"

पलीकडचा गोंगाट मागे पडला, ती बाजूला आली असावी.

"तुमाले कसं कळलं?"

"मले नाही कळलं. माणिकरावले कळलं. तुह्या मायले म्हातारी कळली. होती का म्हातारी?"

"होती," ती म्हणाली, आणि तिचा आवाज आता अजिबात हसरा राहिला नाही. "आजीच होती एक. दुसरीच येचनी होती, बाबा. अठी आजवर कोनी इचारलंबी नाही."

"दुसरी!" माणिकराव मागून ओरडले. "म्या म्हनलं होतं!" आणि त्यांच्या पाठीवर कोणीतरी थाप मारली. एकाने टाळी वाजवली, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता सगळा स्लॅब टाळ्या वाजवू लागला. रेणुकाबाई रिमोट कठड्यावर आपटत होत्या.

"बाबा," भाग्यश्री म्हणाली, "हे कोन वाजवून राह्यलं?"

चंपतरावांनी फोन कानापासून काढला आणि तिला नीट मुद्रित करता यावं म्हणून हात लांब करून उंच धरला.

"तलमडुगु," ते म्हणाले.